लहान गावातील खून आणि हौशी शोधक : अगाथा ख्रिस्ती यांच्या तीन मिस मार्पल कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास

सारांश :
इंग्रजी रहस्यकथेच्या परंपरेत लहान गावात घडणारा खून आणि त्याचा उलगडा करणारा हौशी शोधक हा एक लोकप्रिय कथाप्रकार आहे. अगाथा ख्रिस्ती यांनी निर्माण केलेली मिस जेन मार्पल ही वृद्ध अविवाहित स्त्री या प्रकारातील प्रातिनिधिक व्यक्तिरेखा मानली जाते. तिच्या कथा म्हणजे शांत, सुरक्षित खेड्याचे स्वप्नरंजन होय, असे मत समीक्षेत वारंवार मांडले गेले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या मताची चिकित्सा केली आहे. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०), 'द मूव्हिंग फिंगर' (१९४२) आणि 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) या तीन कादंबऱ्यांच्या आधारे, गावातील परस्परपरिचय हे शोधाचे साधन कसे बनते, त्या साधनाचा गुन्हेगार कसा गैरवापर करतो आणि परिचयच नाहीसा झाला की शोधकापुढे कोणता प्रश्न उभा राहतो, याचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : रहस्यकथा, हौशी शोधक, मिस मार्पल, प्रवाद, परिचयजन्य ज्ञान, लहान गाव.

१. प्रस्तावना :
अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांचे नाव घेतले की सामान्य वाचकाला प्रथम हर्क्यूल पायरो आठवतो. पायरो हा बेल्जियन पोलीस दलातील निवृत्त अधिकारी असून इंग्लंडमध्ये तो व्यावसायिक गुप्तहेर म्हणून काम करतो. त्याच्या तुलनेत मिस मार्पल हिच्याकडे पद नाही, परवाना नाही, शुल्क नाही आणि अधिकारही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये एका नियतकालिकातील लघुकथेत ती प्रथम अवतरली. त्यानंतर १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथा यांतून ती वाचकांसमोर येत राहिली. तिचे वास्तव्य सेंट मेरी मीड या काल्पनिक इंग्लिश खेड्यात आहे. बागकाम, विणकाम, पक्षिनिरीक्षण आणि शेजाऱ्यांकडचे चहापान हा तिचा दिनक्रम.

अशा स्त्रीने खुनाचा उलगडा करावा यात वाचकाला गंमत वाटते. मात्र या गमतीमागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. समाजात कोणाचे ज्ञान 'ज्ञान' म्हणून स्वीकारले जाते आणि कोणाचे ज्ञान 'रिकामटेकड्यांच्या गप्पा' म्हणून झटकून टाकले जाते, हा तो प्रश्न होय. ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या हा प्रश्न उघडपणे मांडत नाहीत. त्यांच्या कथानकांची रचना मात्र याच प्रश्नाभोवती झालेली दिसते. या अंगाने त्यांचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. विवेचनाच्या गरजेमुळे तिन्ही कादंबऱ्यांतील गुन्हेगारांचा उल्लेख पुढे अपरिहार्यपणे आला आहे.

२. हौशी शोधक : संकल्पना आणि पार्श्वभूमी :
आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीतून वाचकांसमोर आला. होम्स पोलीस नाही. परंतु तो हौशीही नाही. सल्लागार गुप्तहेर हा त्याने स्वतःच निर्माण केलेला व्यवसाय आहे. त्याचे क्षेत्र लंडन हे महानगर. 'द ॲडव्हेंचर ऑफ द कॉपर बीचेस' (१८९२) या कथेत आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी सुंदर ग्रामीण घरे पाहून होम्सच्या मनात भीती दाटून येते. शहरातील दाट वस्तीत मारहाण झालेल्या मुलाचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी पडतो, विखुरलेल्या ग्रामीण घरांत तो कोणाच्याच कानी पडत नाही, अशी त्याची मीमांसा आहे. ग्रामीण भाग धोक्याचा, कारण तेथे कोणी पाहणारे नाही, असा याचा अर्थ होतो.

मिस मार्पलचे खेडे याच्या नेमके उलट आहे. तेथे प्रत्येकजण पाहतो आणि प्रत्येकजण पाहिला जातो. कोण कोणाकडे किती वाजता गेले, कोणाच्या मोलकरणीने नोकरी का सोडली, कोणाच्या घरी कोळंबीचे पाकीट कोणत्या दिवशी आले, हे सारे गावाला ठाऊक असते. त्यामुळे प्रश्न माहितीच्या अभावाचा नसून माहितीच्या अतिरेकाचा आहे. जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊन या धर्मोपदेशक शोधकाने १९१० पासून मानवी पापप्रवृत्तीच्या ज्ञानाचा उपयोग गुन्हेशोधासाठी केला होता. मिस मार्पल ही काही अंशी त्याच परंपरेतील आहे. परंतु फादर ब्राऊनचे ज्ञान कबुलीजबाब ऐकण्यातून येते, तर मार्पलचे ज्ञान शेजारधर्मातून येते.

या व्यक्तिरेखेला सामाजिक संदर्भही आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या जनगणनेनुसार, इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या १७ लाखांहून अधिक होती. अविवाहित राहिलेल्या स्त्रियांचा उल्लेख त्या काळातील वृत्तपत्रे 'अतिरिक्त स्त्रिया' असा करीत. मिस मार्पल वयाने या पिढीच्या आधीची आहे. परंतु तिच्याकडे पाहणाऱ्या समाजाची दृष्टी तीच आहे. अविवाहित प्रौढा म्हणजे निरुपयोगी, चौकस, किंचित हास्यास्पद, असे गृहीतक तिच्याभोवतीची पात्रे बाळगून असतात. ख्रिस्ती यांनी या गृहीतकालाच कथानकाचे साधन बनविले आहे.

३. पाहणारी आणि पाहिली जाणारी : 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' :
या कादंबरीत सेंट मेरी मीड येथील धर्मोपदेशक लेनर्ड क्लेमेंट याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरो या धनिक गृहस्थाचा गोळी घालून खून होतो. कथन क्लेमेंटच्याच मुखातून होते. खुनापूर्वीच, या कर्नलला कोणी ठार केले तर जगावर उपकार होतील, अशा आशयाचे वाक्य खुद्द धर्मोपदेशकाच्या तोंडून जेवणाच्या टेबलावर निघून जाते. संशयितांची संख्या किमान सात आहे, असे मिस मार्पल सुरुवातीलाच सांगते.

डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मध्ये 'द गिल्टी व्हिकरेज' या निबंधात रहस्यकथेचे एक सूत्र मांडले. एक निष्पाप समुदाय, त्यात खुनामुळे येणारा बिघाड आणि दोषी व्यक्ती बाजूला काढली गेल्यावर समुदायाला पुन्हा लाभणारी निष्पापता, असे ते सूत्र आहे. ख्रिस्ती यांच्या कथांना हे सूत्र सहज लावले जाते. परंतु ज्या गावात धर्मोपदेशकालाही एका माणसाच्या मृत्यूची कल्पना सुखावह वाटते, ते गाव खुनापूर्वी निष्पाप होते असे म्हणता येईल काय? मिस मार्पलचा कादंबरीकार भाचा रेमंड वेस्ट या खेड्याला साचलेल्या डबक्याची उपमा देतो. त्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली अशाच डबक्याच्या थेंबात जीवसृष्टी गजबजलेली दिसते, असे उत्तर त्याची मावशी देते. या उत्तरात तिची संपूर्ण भूमिका सामावली आहे. ती गावाला निष्पाप मानत नाही. ती गावाला अभ्यासाचे क्षेत्र मानते.

या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाची घटना मिस मार्पलच्या साक्षीशी निगडित आहे. तिचे घर व्हिकरेजला लागून आहे आणि बागेत काम करताना येणारे-जाणारे तिला दिसतात. प्रोथेरोची पत्नी ॲन ही तिच्या बागेजवळ थांबून दोन शब्द बोलते आणि अभ्यासिकेच्या दिशेने जाऊन थोड्याच वेळात परतते. तिच्या हातात पर्स नव्हती, अंगाबरोबर बसणाऱ्या तिच्या पोशाखात पिस्तूल लपविणे शक्य नव्हते आणि गोळीचा आवाजही आला नाही, असे मिस मार्पल प्रामाणिकपणे सांगते. या साक्षीमुळे ॲन संशयमुक्त होते. प्रत्यक्षात खून तिनेच केलेला असतो. तिचा प्रियकर, चित्रकार लॉरेन्स रेडिंग, याने आवाज दाबणारे उपकरण बसविलेले पिस्तूल अभ्यासिकेतील कुंडीत आधीच लपवून ठेवलेले असते.

येथे हौशी शोधकाच्या पद्धतीची खरी कसोटी लागते. गावातील वृद्ध स्त्री बागेतून सर्व काही पाहते, हे खुनी जोडप्याला माहीत आहे. तिचे पाहणे त्यांनी आपल्या योजनेत जमेस धरले आहे. ज्या नजरेमुळे गुन्हा उघडकीस यावा, तीच नजर गुन्हेगाराची ढाल बनते. मिस मार्पलचे वेगळेपण असे, की तिला हे उमगते. स्त्रीने पर्स न घेता बाहेर पडणे ही नेहमीची गोष्ट नाही. म्हणजे पर्स नसल्याचे कोणाला तरी मुद्दाम दाखवायचे होते, असा निष्कर्ष ती काढते. आपण काय पाहिले याबरोबरच आपल्याला काय दाखविले गेले, हाही प्रश्न ती स्वतःला विचारते. इन्स्पेक्टर स्लॅक हा तडफदार पोलीस अधिकारी मात्र तिच्याकडे चौकस म्हातारी म्हणूनच पाहतो. त्यामुळे तिच्या साक्षीतील तपशील त्याच्या हाती असूनही त्यांचा अर्थ त्याला लागत नाही.

४. खोटा प्रवाद आणि खरा प्रवाद : 'द मूव्हिंग फिंगर' :
प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही कादंबरी सर्वांत अर्थपूर्ण आहे. तिचे स्थळ लिमस्टॉक हे लहान बाजारगाव. विमान अपघातातून सावरण्यासाठी जेरी बर्टन हा तरुण बहीण जोआनासह तेथे येऊन राहतो आणि थोड्याच दिवसांत त्याला एक निनावी पत्र मिळते. तो आणि जोआना भाऊ-बहीण नाहीत, असा गलिच्छ आरोप त्यात असतो. अशी पत्रे गावातील अनेकांना येत असल्याचे पुढे कळते. वकील सिमिंग्टन याच्या पत्नीला असेच पत्र येते आणि ती विषप्राशनाने मृत आढळते. सर्वजण ही आत्महत्या समजतात. त्यानंतर आठवड्याभराने त्या घरातील ॲग्नेस या मोलकरणीचा खून होतो.

पत्रांची शब्दरचना एका जुन्या पुस्तकातून कापलेल्या अक्षरांनी केलेली असते आणि पाकिटावरील पत्ता टंकलिखित असतो. लंडनहून निनावी पत्रांचे तज्ज्ञ बोलावले जातात. पत्रे लिहिणारी व्यक्ती सुशिक्षित स्त्री असावी, बहुधा मनात कोंडमारा झालेली अविवाहित प्रौढा असावी, असा त्यांचा निष्कर्ष होतो. गावातील अविवाहित स्त्रियांवर एकामागून एक संशयाची छाया पडते. डॉक्टरची बहीण एमे ग्रिफिथ हिला तर अटकही होते. तिने एक निनावी पत्र खरोखरच लिहिलेले असते, त्यामुळे पोलिसांची खात्री अधिकच पक्की होते.

तज्ज्ञांनी ज्या प्रकारच्या स्त्रीला संशयित ठरविले, नेमकी त्याच प्रकारची स्त्री पुढे या प्रकरणाचा उलगडा करते. मिस मार्पल कादंबरीच्या अखेरच्या भागात येते. धर्मोपदेशकाची पत्नी मिसेस डेन कॅलथ्रॉप तिला बोलावून घेते आणि तिची ओळख दुष्टपणाची जाणकार अशी करून देते. दोन प्रौढांपैकी एकीचे चित्र तज्ज्ञांच्या कल्पनेतील आहे, तर दुसरी प्रत्यक्ष आहे. या दोहोंमधील अंतर दाखविणे हा कादंबरीच्या रचनेचा गाभा आहे.

मिस मार्पलची पद्धत येथे नेमकी कशी आहे? आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असे लिमस्टॉकमधील प्रत्येकजण म्हणतो. पत्रांतील आरोप जसेच्या तसे खरे नसले तरी काहीतरी असेलच, असा त्याचा रोख. मिस मार्पल मात्र धुराकडे धुराचा पडदा म्हणून पाहते. जादूगार जसा एका हाताकडे लक्ष वेधून दुसऱ्या हाताने काम उरकतो, तसे या पत्रांनी सर्वांचे लक्ष वेधून घेतले आहे. पत्रे आणि खून यांचा कार्यकारणसंबंध तोडून पाहिला, तर उरते ते एवढेच : एका स्त्रीचा मृत्यू झाला आहे. पत्नीच्या मृत्यूने लाभ कोणाला होतो, हा मग अगदी साधा प्रश्न ठरतो.

परंतु पत्रे खोटी आहेत हे ओळखायचे कसे? याचे उत्तर मिसेस डेन कॅलथ्रॉप हिने आधीच दिलेले असते, फक्त ते कोणी ऐकलेले नसते. पत्रलेखकाला गावाविषयी काहीच माहिती दिसत नाही, असे ती म्हणते. लिमस्टॉकमध्ये लिहिण्यासारखी खरी प्रकरणे कितीतरी आहेत, पण पत्रांत त्यांपैकी एकही नाही. आरोप सारे घाऊक, कोणालाही लागू पडतील असे. गावातील प्रवादांत मुरलेल्या एखाद्या स्त्रीने ही पत्रे लिहिली असती, तर ती अधिक नेमकी झाली असती. प्रवादापासून दूर असलेल्या, त्याला तुच्छ लेखणाऱ्या पुरुषाने प्रवादाची केलेली ही नक्कल आहे. वकील सिमिंग्टन हाच खुनी आहे. पत्नीच्या रोजच्या औषधात त्याने विष घातलेले असते.

याला जोडून आणखी एक पुरावा येतो. सिमिंग्टनच्या मुलांची शिक्षिका एल्सी हॉलंड ही अत्यंत सुंदर तरुणी त्याच घरात राहते. गावातील कोणत्याही खऱ्या कुजबुजीचा पहिला विषय तीच झाली असती. प्रत्यक्षात तिला सिमिंग्टनचे एकही पत्र आलेले नसते. जिच्यासाठी त्याने खून केला, तिच्याविषयी घाणेरडे शब्द लिहिणे त्याला जमले नाही. अनुपस्थित पत्र हाच येथे पुरावा ठरतो. आणि ते अनुपस्थित आहे हे जाणण्यासाठी, गावात कोणाविषयी काय बोलले जाते हे आधी ठाऊक असावे लागते.

या विवेचनावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. ख्रिस्ती प्रवादाचे उदात्तीकरण करीत नाहीत. प्रवादाने माणसे उद्ध्वस्त होतात हे लिमस्टॉकच्या चित्रणातून दिसते. परंतु प्रवाद हाही ज्ञानाचा एक प्रकार असून त्याला स्वतःची अचूकता असते, हे त्या दाखवून देतात. तज्ज्ञांनी पत्रांच्या भाषेवरून लेखकाचे मानसशास्त्रीय चित्र रेखाटले. पत्रांत काय नाही याकडे त्यांचे लक्ष गेले नाही, कारण काय असायला हवे होते हे त्यांना ठाऊक नव्हते.

५. ओळखपत्र आणि ओळख : 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' :
दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीचा पायाच डळमळीत झालेला दिसतो. चिपिंग क्लेगहॉर्न या गावातील स्थानिक वृत्तपत्रात एके दिवशी जाहिरात येते : शुक्रवार, २९ ऑक्टोबर रोजी सायंकाळी साडेसहा वाजता लिटल पॅडॉक्स या घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी यावे. काहीतरी खेळ असावा अशा समजुतीने शेजारी निरनिराळी निमित्ते सांगून जमतात. ठरल्या वेळी दिवे जातात, गोळ्या सुटतात आणि रूडी शेर्झ हा स्विस तरुण मृत आढळतो. यजमानीण लेटिशिया ब्लॅकलॉक हिचा कान रक्तबंबाळ झालेला असतो. हल्ला तिच्यावर होता, असे सर्वांना वाटते.

या प्रकरणात इन्स्पेक्टर क्रॅडॉकशी बोलताना मिस मार्पल बदललेल्या काळाचे निदान करते. पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे हे प्रत्येकाला माहीत असे. नवे कुटुंब आलेच, तर ते कोणाच्या तरी परिचयपत्रासह येई. आता लोक कोठूनही येतात, घर घेतात आणि राहतात. त्यांच्याविषयी गावाला ठाऊक असते ते त्यांनी स्वतः सांगितलेले तेवढेच. या गावातील कर्नल ईस्टरब्रुक भारतातून परतलेला आहे, कोणी युद्धात विधवा झालेली आहे, तर मिट्झी ही स्वयंपाकीण मध्य युरोपातून आलेली निर्वासित आहे. ब्रिटनमध्ये १९३९ ते १९५२ या काळात राष्ट्रीय ओळखपत्रे अस्तित्वात होती आणि शिधावाटप १९५४ पर्यंत चालले. ही ओळखपत्रे आणि शिधापुस्तके बाळगणारी माणसे खरोखर तीच आहेत याची खात्री काय, हा प्रश्न क्रॅडॉकला भेडसावतो. सामान्य नागरिकांच्या ओळखपत्रावर छायाचित्रही नव्हते.

गुन्ह्याचे मूळ याच परिस्थितीत आहे. लेटिशिया ब्लॅकलॉक म्हणून वावरणारी स्त्री ही वस्तुतः तिची बहीण शार्लट आहे. खरी लेटिशिया स्वित्झर्लंडमध्ये मरण पावली. तिला मिळू शकणारा मोठा वारसा हातचा जाऊ नये म्हणून शार्लटने तिचे नाव धारण केले. गळ्यावरील शस्त्रक्रियेचा व्रण ती मोत्यांच्या माळांखाली लपविते. रूडी शेर्झ हा तिला स्वित्झर्लंडमधील रुग्णालयापासून ओळखणारा माणूस, म्हणून तो मारला जातो. तिची बालमैत्रीण डोरा बनर बोलण्याच्या ओघात 'लेटी' ऐवजी 'लॉटी' म्हणून जाते, म्हणून तिलाही मरावे लागते.

या कादंबरीत ओळख हाच गुन्ह्याचा हेतू आहे आणि ओळखणे हाच मृत्यूचा धोका आहे. 'व्हिकरेज'मध्ये सर्वजण सर्वांना ओळखत होते. येथे जो कोणी खरोखर ओळखतो, त्याचा बळी जातो. डोराचा मृत्यू विशेष हृदयद्रावक आहे. कारण शार्लटचे तिच्यावर मनापासून प्रेम असते आणि मरणाआधी तिच्या वाढदिवसाची मेजवानीही ती थाटाने घडवून आणते. मिस मार्पलला उलगडा होतो तो एका अक्षराच्या फरकातून आणि व्रणाच्या अनुमानातून. गावाच्या सामूहिक स्मृतीचा तिला उपयोग होत नाही, कारण तशी स्मृती या गावाला उरलेली नाही. पुढे 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड' (१९६२) या कादंबरीत खुद्द सेंट मेरी मीडच्या वेशीवर नवी घरबांधणी वसाहत उभी राहते आणि हा बदल मिस मार्पलच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

६. हौशी शोधकाच्या मर्यादा :
या पद्धतीच्या मर्यादांचाही विचार आवश्यक आहे. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात इंग्रजी कादंबरीतील 'ज्ञेय समुदाया'ची चर्चा केली आहे. समुदाय किती ज्ञेय आहे, हे पाहणारा कोणत्या सामाजिक स्थानावरून पाहतो यावर अवलंबून असते, हे त्यांचे प्रतिपादन येथे उपयुक्त ठरते. मिस मार्पलचे गाव हे प्रामुख्याने निवृत्त अधिकारी, डॉक्टर, वकील आणि धर्मोपदेशक यांचे गाव आहे. श्रमिकांच्या घरांत कथन क्वचितच शिरते.

'द मूव्हिंग फिंगर'मधील ॲग्नेसचा मृत्यू या संदर्भात पाहता येतो. मिसेस सिमिंग्टनच्या मृत्यूच्या दिवशी ॲग्नेस खिडकीशी उभी राहून आपल्या मित्राची वाट पाहत होती. पत्र हाताने आणून टाकले गेले असे पोलीस मानत होते. परंतु तिने घराकडे कोणालाच येताना पाहिले नव्हते. यात काहीतरी विसंगत आहे हे तिला जाणवले. सल्ला विचारण्यासाठी तिने ओळखीच्या जुन्या गृहसेविकेला दूरध्वनी केला. मोलकरणीने असा दूरध्वनी करावा याचेच त्या गृहसेविकेला अप्रूप आणि राग. तिने भेटीची वेळ दिली. ती वेळ येण्यापूर्वी ॲग्नेस मारली गेली. निर्णायक ज्ञान मोलकरणीकडे होते, पण ते वेळेत ऐकून घेणारे कोणी नव्हते. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मधील मिट्झीचेही तसेच. ती परकी आहे आणि अतिशयोक्ती करते, म्हणून तिच्या बोलण्याकडे सारे गाव दुर्लक्ष करते.

दुसरी मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. मिस मार्पलकडे पुष्कळदा न्यायालयात टिकेल असा पुरावा नसतो. त्यामुळे ती सापळा रचते. सिमिंग्टनला पकडण्यासाठी त्याची सावत्र मुलगी मेगन हिला त्याच्यासमोर धमकी देण्यास उभे केले जाते आणि तो तिला ठार मारण्याचा प्रयत्न करतो. शार्लटला उघडे पाडण्यासाठी मिट्झीचा जीव धोक्यात घातला जातो. दोन्ही वेळी पोलीस जवळच दबा धरून असतात, हे खरे. तरीही ज्यांना गावात फारसे महत्त्व नाही अशाच दोन तरुण स्त्रियांना हा धोका पत्करावा लागतो. दोघींना त्यातून प्रतिष्ठा मिळते, हे ख्रिस्ती नोंदवितात. परंतु या डावपेचाची चिकित्सा त्यांचे कथन करीत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे, हौशी शोधक पोलिसांना पर्याय ठरत नाही. अटक, तपासणी आणि सापळ्याची अंमलबजावणी ही कामे पोलीसच करतात. स्लॅकपासून क्रॅडॉकपर्यंतचा प्रवास पाहिला तर फरक पडतो तो पोलीस तिचे ऐकतात की नाही यात. स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख सर हेन्री क्लिदरिंग यांनी तिची थोरवी आधीच ओळखलेली असते आणि क्रॅडॉक हा त्यांचा मानसपुत्र आहे. म्हणजेच तिच्या ज्ञानाला मान्यता मिळण्यासाठीही एका अधिकारी पुरुषाची शिफारस लागते.

७. मराठी वाचकाच्या संदर्भात :
मराठीत रहस्यकथेची मोठी परंपरा बाबूराव अर्नाळकरांनी उभी केली. त्यांचे झुंजार, काळा पहाड हे नायक साहस आणि वेषांतर यांवर विसंबून असतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा खऱ्या अर्थाने हौशी शोधक. पण तो किशोरवयीन आहे आणि त्याचा स्वभाव धावपळीचा आहे. मधुकर तोरडमल यांच्यासारख्या अनुवादकांनी ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि एका जागी बसून उलगडा करणारी वृद्धा मराठी वाचकाच्या परिचयाची झाली. पार, पाणवठा आणि चावडी यांवरील बोलण्यातून गावाची बातमी फिरते, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. त्यामुळे इंग्लिश चहापानाचे तपशील परके असले तरी तिची शोधपद्धती त्याला परकी वाटत नाही.

८. निष्कर्ष :
१) मिस मार्पलच्या कथा निष्पाप खेड्याचे स्वप्नरंजन करतात हे मत अपुरे आहे. या कथांतील गाव खुनापूर्वीही निष्पाप नसते.
२) हौशी शोधकाचे सामर्थ्य परिचयजन्य ज्ञानात आहे. अधिकृत यंत्रणा या ज्ञानाला प्रवाद समजून बाजूला सारते, म्हणूनच ते शोधकाच्या उपयोगी पडते.
३) तीन कादंबऱ्यांत या ज्ञानाची क्रमाने कठोर परीक्षा होते. १९३० मध्ये गुन्हेगार गावाच्या नजरेचा वापर करतो, १९४२ मध्ये तो गावाच्या प्रवादाची नक्कल करतो, तर १९५० मध्ये गावाला एकमेकांची खरी ओळखच उरलेली नसते.
४) अविवाहित प्रौढ स्त्रीविषयीचे सामाजिक पूर्वग्रह हे या कथांचे केवळ विनोदाचे साधन नाही. 'द मूव्हिंग फिंगर'मध्ये त्या पूर्वग्रहामुळे तपास चुकीच्या दिशेने जातो आणि एका स्त्रीला अटक होते.
५) ज्यांचे ऐकले जात नाही अशांमध्ये स्वतः मिस मार्पलचा समावेश होतो, परंतु तिच्याही पलीकडे ॲग्नेस आणि मिट्झी यांच्यासारख्या स्त्रिया आहेत. ॲग्नेसचे म्हणणे एक दिवस आधी कोणी ऐकून घेतले असते, तर शोधकाची गरज पडण्यापूर्वीच एक जीव वाचला असता. या कादंबऱ्यांच्या पुढील अभ्यासात शोधकाइतकेच या न ऐकलेल्या साक्षीदारांकडे लक्ष देणे आवश्यक आहे.